गोव्यात घर सोडलं तेव्हापासून विधी स्वयंसेवक होईपर्यंत

नवऱ्याच्या नोकरीपायी गोव्यात आलेली, इथे ना माहेर ना सासर असलेली आणि घरात मार खाणारी बाई डोळ्यांसमोर ठेवून मी हे लिहितेय. मी स्वतः यातून गेले. आता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाची, म्हणजे मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या सरकारी यंत्रणेची, विधी स्वयंसेवक म्हणून अशा बायकांसोबत बसते. माझं किंवा इतर कुणाचं नाव इथे नाही, काही ठिकाणंही मुद्दाम सांगितलेली नाहीत. बाकी कागद, खर्च, वाट बघणं जसं घडलं तसं लिहिलंय.

माझं माहेर चंदगड तालुक्यात. आमच्याकडे बहुतेक घरांतला एखादा तरी माणूस तिलारी घाट उतरून गोव्यात कामाला असतो. मे २०१४ मध्ये गावातच मांडव घालून माझं लग्न झालं. नोंदणी करायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. नवरा औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात होता, म्हणून म्हापशाजवळ एका खोलीत संसार मांडला. २०१५ मध्ये मुलगी झाली आणि त्यानंतर हात उचलणं सुरू झालं. मी कंत्राटदाराकडे पॅकिंगला जायचे, पगार झाला की संध्याकाळी तो त्याच्या हातात. २०२०च्या टाळेबंदीत त्याचं काम बंद होतं, दार बंद होतं, आणि त्या महिन्यांबद्दल मी इथे जास्त लिहिणार नाही. ज्या बायकांना कळायचं त्यांना एवढ्यावरून कळेल.

माहेरी सांगितलं नव्हतं असं नाही. एकदा गावात बैठकही झाली. चार वडीलधारी माणसं बसली, नवऱ्याने "परत असं होणार नाही" म्हणून सांगितलं, आईने माझी ओटी भरली आणि दुसऱ्या दिवशीच्या गाडीने मला परत पाठवलं. आईवर माझा राग नाही. तिच्या हातात तेवढंच होतं.

सप्टेंबर २०२१ मध्ये, चवथीनंतरच्या आठवड्यात, माझं डावं मनगट मोडलं. सरकारी इस्पितळात तो सोबत आला होता, माझ्याऐवजी तोच उत्तरं देत होता. डॉक्टरांनी त्याला केसपेपर काढायला पाठवलं. तेवढ्यात पट्टी बांधणाऱ्या सिस्टर जवळ आल्या. बोलण्यावरून दोडामार्गकडच्या वाटल्या. त्यांनी हळू आवाजात विचारलं, "पडलीस की पाडलं?" मी म्हटलं, पाडलं. त्यांनी डॉक्टरांना सांगितलं आणि कागदावर तशी नोंद झाली. याला एमएलसी, म्हणजे मेडिको-लीगल केस, म्हणतात. पुढे सगळ्यात जास्त उपयोगी पडलेला कागद तोच. इस्पितळात गेलात तर जखम कशी झाली, कुणी केली, हे डॉक्टरांना सांगा. ते लिहून घेतील. त्या कागदाची प्रत मागून घ्या आणि घरात ठेवू नका.

सिस्टरनीच मला बांबोळीच्या सखी केंद्राचं सांगितलं. मारहाण सोसणाऱ्या बायकांना एकाच जागी मदत मिळावी म्हणून गोव्यात अशी वन स्टॉप सेंटरं आहेत, उत्तरेला बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात आणि दक्षिणेला मडगावला. पण मी आधी पोलीस ठाण्यात गेले, कारण आपल्याला तेवढंच माहीत असतं. कोणतं ठाणं ते लिहीत नाही. बाकावर बराच वेळ बसवलं. मग एकाने आधार कार्ड बघितलं, त्यावर कोल्हापूर जिल्ह्याचा पत्ता. "तुजो गांव खंयचो? थंय वचून कंप्लेंट दी," म्हणाला. शेजारचा दुसरा म्हणाला, घाटी लोकांचं रोजचंच आहे हे. हातात प्लास्टर, कडेला सहा वर्षांची मुलगी, आणि मला वाटलं, खरंच असेल. आपण इथले नाही, मग इथला कायदा आपला कसा असेल?

हे खोटं आहे, आणि ते खोटं आहे हे कळायला मला जे हेलपाटे पडले ते दुसरीला पडू नयेत म्हणून हे सगळं लिहितेय. घरगुती हिंसाचारापासून महिलांच्या संरक्षणाचा कायदा २००५ चा, लागू झाला २६ ऑक्टोबर २००६ ला. त्याच्या कलम २७ मध्ये स्पष्ट आहे की बाई जिथे कायमची किंवा तात्पुरती राहते, तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडे तिला जाता येतं. नवरा जिथे राहतो तिथे, किंवा जिथे मारहाण झाली तिथेही. आधारवरचा पत्ता कुठला, लग्न कुठे लागलं, जन्म कुठला, काही आड येत नाही. शिवाय या अर्जासाठी आधी पोलीस तक्रार झालेलीच असली पाहिजे असंही नाही. मला तेव्हा यातलं काहीही ठाऊक नव्हतं. आता कुणी पोलिसात निघालं की मी एकच सांगते: तक्रार लिहून न्या, दोन प्रती करा, एकीवर तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय उठू नका.

दुसऱ्या दिवशी तो कामावर गेल्यावर मी मुलीला घेऊन बांबोळीला गेले. म्हापसा ते पणजी शटल, पुढे दुसरी बस. सोबत एक पिशवी. त्यात मुलीचा जन्मदाखला, रेशन कार्डाची झेरॉक्स, इस्पितळाचे कागद, आणि नवऱ्याचं ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं, कार्ड. हे कार्ड मी मुलीच्या औषधाला लागेल म्हणून उचललं होतं. त्यावर माझं आणि मुलीचं नाव होतं. लग्नाचा दाखला नसताना मी त्याची बायको आहे, तो कुठे कामाला आहे आणि त्याचा पगार कागदोपत्री आहे, या तिन्ही गोष्टी पुढे त्या एका कार्डावरून उभ्या राहिल्या. कारखान्यात काम करणाऱ्याच्या बायकोने हे कार्ड कुठे ठेवलंय ते आजच बघून ठेवावं. निदान फोटो काढून विश्वासातल्या बाईला पाठवावा.

सखी केंद्रात समुपदेशक मॅडमनी आधी मुलीला बिस्किटं दिली आणि मग मला म्हणाल्या, घाई नाही, सावकाश सांगा. तिथे राहायची सोय पाच दिवसांपर्यंत असते. जेवण, डॉक्टर, समुपदेशन, सगळं विनामूल्य. रात्री मुलगी झोपली, मी जागी. तो आता शोधत असेल, कामावर खाडा पडला, कंत्राटदार काढून टाकेल, शाळेत काय सांगायचं, हेच डोक्यात. केंद्रात पहिली रात्र अशी जाते हे मी आता प्रत्येकीला आधीच सांगून ठेवते. कारण त्याच रात्री बऱ्याच जणी परत जातात. त्यात त्यांचा दोष नाही. परत गेलीस तरी पुन्हा येता येतं, दार बंद होत नाही, हेही सांगते.

पुढचा टप्पा संरक्षण अधिकाऱ्यांचा, म्हणजे या कायद्याखाली बाईची कैफियत लिहून घेणाऱ्यांचा. माझ्या वेळी गोव्यात ही जबाबदारी तालुक्याच्या गटविकास अधिकाऱ्यांकडे होती. म्हणजे जिथे पंचायतीची कामं, रस्ते, गटारं, तिथेच आपलं घर मोडल्याची कैफियत. पहिल्यांदा विचित्र वाटलं. बाहेरच्या बाकावर बसलेली माणसं "बांधकाम परवान्याला आलात का" म्हणून विचारत होती. पण तिथल्या क्लार्क बाईंनी मला आतल्या खोलीत बसवलं आणि फॉर्म काढला. त्याला घरगुती घटना अहवाल म्हणतात, बोलताना सगळे डीआयआर म्हणतात.

या फॉर्मबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण माझ्या दृष्टीने खरी उलथापालथ तिथे झाली. फॉर्ममध्ये शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-मानसिक आणि आर्थिक असे वेगवेगळे भाग आहेत आणि प्रत्येकात बारीक बारीक ओळी. क्लार्क बाई एकेक ओळ इंग्रजीत वाचायच्या आणि मराठीत विचारायच्या. मुलगा झाला नाही म्हणून टोमणे? हो. नोकरीला जाण्यापासून अडवलं? कधी कधी. पगार काढून घेतला? मी थांबले. मी विचारलं, "मॅडम, हे पण यात येतं?" त्यांनी पेनाने ती ओळ दाखवली. मारहाण म्हणजे अन्याय हे मला कळत होतं. माझी मजुरी सात वर्षं दुसऱ्याच्या खिशात गेली, तीही कायद्याने हिंसाच आहे, हे मला त्या दिवशी समजलं. मी रडले नव्हते, तिथे रडले. बाईंनी पाण्याची बाटली पुढे सरकवली आणि बाकीच्या ओळी दुपारनंतर भरल्या.

फॉर्म इंग्रजीत भरला जातो. सही करण्याआधी प्रत्येक ओळ आपल्या भाषेत वाचून घ्या, हा माझा आग्रह आहे. स्वतःच्या हाताने जो अर्ज द्यायचा तो मराठीत दिला तरी चालतो. १९८७ च्या राजभाषा कायद्यात कोकणीबरोबर सरकारी कामात मराठी वापरायलाही जागा ठेवलेली आहे. कोर्टात मात्र बहुतेक कामकाज इंग्रजीत चालतं. न कळलेलं वकिलाला तिथल्या तिथे विचारायचं, लाजायचं नाही.

वकील मला मोफत मिळाला. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७, कलम १२ प्रमाणे कोणतीही स्त्री मोफत वकिलाला पात्र असते, तिचं उत्पन्न किती हे बघितलं जात नाही. अर्ज एक पानाचा, सोबत आधारची प्रत. मदतीचा क्रमांक १५१००. माझ्या वकील मॅडमनी पहिल्याच भेटीत सांगितलं, शंभर पानी वही घ्या आणि आठवेल ते तारखेसकट लिहून आणा. तारीख आठवत नसेल तर सण लिहा, शाळेची सुट्टी लिहा. मी "नरकासुराच्या रात्री", "मुलीच्या गॅदरिंगच्या आदल्या दिवशी" असं लिहीत गेले. अर्ज त्या वहीवरूनच तयार झाला.

पाच दिवसांनंतर कामावरच्या एका मावशींनी आम्हाला त्यांच्याकडे ठेवून घेतलं. पुढे मी खोली घेतली, भाडं साडेचार हजार, अनामत दहा हजार. ते दादाने चंदगडहून येऊन दिले. बैठकीत तो गप्प बसला होता, पण प्लास्टर बघून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यानंतर त्याने मला परत जायला सांगितलं नाही. घरमालकिणीने भाडेकरू पडताळणीचा फॉर्म भरून पोलिसात दिला. पत्ता नवऱ्याला कळेल अशी भीती होती, म्हणून मी वकील मॅडमना आधीच सांगून ठेवलं. निवारागृहात असताना आपली ओळख कुणाला सांगू नये अशी लेखी विनंतीही करता येते. मुलीच्या शाळेची अडचण वाटली तेवढी आली नाही. सरकारी मराठी प्राथमिक शाळा खोलीजवळच होती. जुन्या शाळेचा दाखला यायला वेळ लागला, पण त्यासाठी प्रवेश अडवता येत नाही, शिक्षण हक्क कायद्यात तसं आहे. बाईंनी तिला त्याच दिवशी वर्गात बसवलं.

अर्ज नोव्हेंबर २०२१ मध्ये कोर्टात गेला. कायद्यात लिहिलंय की पहिली तारीख साधारण तीन दिवसांच्या आत आणि निकाल साठ दिवसांत लावायचा प्रयत्न करायचा. हे वाचून आपण हिशेब मांडतो. मांडू नका. नोटीस घेऊन माणूस गेला की खोलीला कुलूप. कारखान्यावर गेला तर साहेब सुट्टीवर. त्यात फेब्रुवारी २०२२ मध्ये विधानसभेची निवडणूक आली, कचेरीतली माणसं निवडणुकीच्या कामात आणि पोलीस बंदोबस्तात. प्रत्येक तारखेला माझी एका दिवसाची मजुरी बुडायची. झेरॉक्स, नोटरी, बस, दुपारचा वडापाव धरून दीडदोनशे रुपये वेगळे. वकील फुकट असला तरी खटला फुकट होत नाही, हे आधीच माहीत असलेलं बरं.

वाट बघण्यातला सगळ्यात वाईट भाग म्हणजे फोन. तो रडून फोन करायचा, त्याची आई करायची, गावातले लोक आईला जाऊन भेटायचे. "पोरीचा बाप आहे तो." मला दोनदा वाटलं, जाऊ दे सगळं. त्या काळात सखी केंद्रातल्या मॅडम दर पंधरवड्याला माझ्याशी बोलायच्या, खटल्याबद्दल नाही, झोप लागते का, मुलगी जेवते का, एवढंच. त्या बोलण्यावर मी टिकले.

एप्रिल २०२२ मध्ये अंतरिम आदेश झाला. त्याने माझ्या खोलीकडे आणि कामाच्या ठिकाणी फिरकायचं नाही, आणि माझ्या नि मुलीच्या पोटगीसाठी महिन्याला सात हजार. त्याआधी दोघांनाही मालमत्ता आणि कमाईचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागलं. नोव्हेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रजनेश विरुद्ध नेहा या खटल्यात हे घालून दिलंय. त्याने कमाई आठ हजार दाखवली. ईएसआयच्या कार्डावरून कारखान्याची पगारपत्रकं मागवता आली आणि अठरा हजार निघाले.

इथे गोव्याच्या नागरी कायद्याचा विषय निघतो, म्हणून जाता जाता लिहिते. गोव्याच्या समान नागरी कायद्यात नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक असते, असं ऐकून बऱ्याच जणी विचारतात, मग मला अर्धं मिळेल का? तो कायदा मूळ गोवेकरांच्या लग्नांना लागतो. आम्ही दोघंही घाटावरचे, लग्न घाटावर, आणि मालमत्ता म्हणावी अशी एक दुचाकी. मला तो लागू नव्हता. पण गोव्यात लग्न होत असेल तर सिव्हिल रजिस्ट्रारकडे दोनदा जावं लागतं, आधी इरादा नोंदवायला आणि नंतर पक्क्या सहीला. पहिली सही झाली, मंदिरात लग्न लागलं, आणि दुसरी सही राहूनच गेली, अशा बायका मी आता बघते. दुसरी सही राहू देऊ नका.

अंतिम आदेश ऑगस्ट २०२३ मध्ये झाला. पोटगी आठ हजार, खोलीभाड्यासाठी वेगळे अडीच हजार, मुलगी माझ्याकडे. खुशीत घरी आले, दादाला फोन केला. आणि तीन महिने एक रुपया आला नाही. आदेश हातात पडला की संपलं असं सगळ्यांना वाटतं, म्हणून हे ठळकपणे सांगते. वसुलीसाठी पुन्हा अर्ज करावा लागतो. वकील मॅडमनी कलम २०(६) दाखवलं: नवरा पैसे देत नसेल तर न्यायदंडाधिकारी थेट त्याच्या मालकाला पगारातून कापून बायकोला द्यायला सांगू शकतात. २०२४ च्या सुरुवातीला तसा आदेश झाला. तेव्हापासून महिन्याच्या दहा तारखेच्या आसपास माझ्या खात्यात पैसे येतात. मागची थकबाकी मात्र अजून पूर्ण आलेली नाही, ते चालू आहे.

फौजदारी तक्रार मी केली नाही. नवऱ्याकडून होणाऱ्या छळासाठी तेव्हा भारतीय दंड संहितेचं कलम ४९८अ होतं, ते १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत कलम ८५ आणि ८६ झालंय. तो माझा निर्णय होता. दुसरीचा वेगळा असू शकतो, आणि तो तिचाच असला पाहिजे.

कोर्टाच्या व्हरांड्यात तासन् तास बसताना शेजारी कोण ना कोण असायचंच. एकदा एक विजापूरकडची बाई हातात समन्स उलटं धरून बसली होती. आमच्या चंदगडला कानडी कानावर असतेच, मोडकं-तोडकं बोलले. तिला वाटत होतं तिलाच अटक होणार. मी कागद वाचून सांगितलं, हे तुझ्या नवऱ्याला बोलावणं आहे, त्याची प्रत तुला दिलीय. तिने माझा हात धरला आणि "अक्का, निघू नको" म्हणाली. माझी तारीख पडली होती, तरी मी तिचं नाव पुकारेपर्यंत थांबले. वकील मॅडमनी हे बघितलं आणि म्हणाल्या, विधी स्वयंसेवकासाठी अर्ज का करत नाही?

मला वाटलं, यालाही पंधरा वर्षांचा दाखला लागणार. ही गोष्ट गोव्यात बाहेरून आलेल्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे. गृह आधार योजनेत महिन्याला दीड हजार मिळतात, पण पंधरा वर्षं गोव्यात राहिल्याचा दाखला लागतो. दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेतही तेच. स्थानिक लोकांची योजना स्थानिकांसाठी असावी, हे मी समजू शकते. पण नवऱ्याने टाकलेल्या, घराबाहेर काढलेल्या बाईला तरी ही अट लावू नये असं माझं ठाम मत आहे. लग्नाच्या तिसऱ्या नाही तर सातव्या वर्षी अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडणारीने पंधरा वर्षं कुठून आणायची? तिने केलेली मजुरी, धुतलेली भांडी, उचललेल्या विटा गोव्यातच लागल्यात की.

विधी स्वयंसेवकासाठी तो दाखला लागला नाही. दहावीचं गुणपत्रक, आधार, फोटो, पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी. पडताळणीला मी ज्या ठाण्यात गेले तिथे या वेळी एका महिला हवालदाराने खुर्ची दिली. मग मुलाखत. "तुमचीच केस कोर्टात होती, मग दुसरीचं ऐकताना शांत राहाल का?" असा प्रश्न आला. मी म्हटलं, राहीन की नाही ते आज सांगता येणार नाही, पण ती जे कागद शोधत असेल ते कुठे मिळतात हे मला पाठ आहे. २०२५ च्या सुरुवातीला प्रशिक्षण झालं. राज्यघटना, घरगुती हिंसाचाराचा कायदा, मुलांसाठीचा २०१२ चा पोक्सो कायदा, मजुरीचे कायदे, लोकअदालत. नियमही शिकवले. विधी स्वयंसेवक वकील नाही, कोर्टात बाजू मांडायची नाही, कुणाकडून पैसे घ्यायचे नाहीत, ऐकलेलं बाहेर बोलायचं नाही. बसलेल्या दिवसाचं थोडं मानधन असतं, त्यावर घर चालत नाही. मी पॅकिंगचं काम सोडलेलं नाही.

पहिल्या महिन्यात मी आजारीच पडले. दुसरीचं ऐकून घरी आले की मनगट दुखायचं, हाड कधीच भरून आलं होतं तरी. सखीच्या मॅडमनी मला पुन्हा बोलावलं आणि सांगितलं, दिवसाला एकाच बाईसोबत बस, आणि घरी गेल्यावर तासभर फक्त मुलीचं. सोसलेल्या प्रत्येक बाईने दुसरीला मदत केलीच पाहिजे असं मी अजिबात म्हणणार नाही. काही जणींना हे सगळं मागे टाकून नुसतं जगायचं असतं. तो त्यांचा हक्क आहे. ज्यांना करायचंय त्यांनी आपलं आधी आवरू द्यावं, घाई करू नये.

आता येणाऱ्यांत बांधकामावरच्या, हॉटेलात भांडी घासणाऱ्या, मासळी कारखान्यातल्या बायका जास्त. बेळगाव, बागलकोट, झारखंड, ओडिशा, नेपाळसुद्धा. नेपाळच्या एकीने विचारलं, मी तर भारताचीच नाही. कायद्याच्या व्याख्येत शब्द आहे "कोणतीही स्त्री". ती ओळ मी तिला मोबाइलवर दाखवली, हिंदीत वाचून दाखवली. तिचा अर्ज गेला. आणखी एकीचं आधार, बँक पासबुक, सगळं मुकादमाकडे अडकलेलं. आधार केंद्रावर बोटांचे ठसे देऊन क्रमांक परत शोधता येतो, ते आधी केलं. साइटवरचं पत्र्याचं शेड हे तिचं घर धरलं जाईल का अशी तिला शंका होती. जिथे नवऱ्याबरोबर राहत होती ते तिचं सामाईक घर, मग ते शेड का असेना. अशा वेळी मी डीआयआर भरताना शेजारी बसते आणि आर्थिक हिंसेच्या ओळी आल्या की जरा सावकाश वाचा म्हणून सांगते.

घाईत असाल तर: जिवाला धोका असेल तर ११२. महिलांसाठी १८१, तिथून सखी केंद्राशी जोडून देतात. वकिलासाठी १५१००. पिशवीत मुलांचे जन्मदाखले, इस्पितळाचे कागद, नवऱ्याच्या कामाचा कुठलाही पुरावा, थोडे सुटे पैसे. काहीच नसेल तरी निघा, कागद मागून गोळा होतात.

सध्या आम्ही दोघी-तिघी स्वयंसेवक एका औद्योगिक वसाहतीत जेवणाच्या सुट्टीत माहिती द्यायला जायचं ठरवतोय, मराठी, कानडी आणि हिंदीत. प्राधिकरणाकडून परवानगीचं पत्र आलंय. कंत्राटदार अर्धा तास द्यायला तयार झालाय. तेवढ्यात डीआयआरचा फॉर्म वाचून होत नाही, म्हणून आम्ही एक तास मागितलाय.